नोंदी वाढल्या, पण कंपनी शिकली का?

प्रश्न : पुण्यातील आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत साठ अभियंते आहेत. संस्था किती शिकते याचा वार्षिक अहवाल मी प्रशिक्षणाचे तास आणि विकीवरील (कंपनीच्या सामायिक नोंदींच्या संकेतस्थळावरील) पानांची संख्या यांवरून तयार करतो. आकडे दरवर्षी वाढतात, तरी त्याच चुका पुन्हा घडतात. मूल्यमापन नेमके कशाचे करावे?

उत्तर : आपले आकडे खोटे नाहीत, परंतु ते ज्ञानाचा साठा मोजतात, त्यातले काय ऐनवेळी कोणाच्या हाती लागले, हे त्यांतून कळत नाही. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार कंपनीत नवा कोड आठ सर्व्हरांवर बसवायचा होता आणि त्यातला एक राहून गेला. त्या सर्व्हरवर २००३ पासून वापरात नसलेला कोड होता, आणि नव्या कामासाठी त्याचाच फ्लॅग (कोडचा एखादा भाग चालू-बंद करणारी खूण) पुन्हा वापरलेला असल्यामुळे तो जुना कोड जागा झाला. गडबड लक्षात आल्यावर उरलेल्या सात सर्व्हरांवरचा नवा, म्हणजे बरोबर असलेला कोड काढून टाकण्यात आला, आणि तीच चूक तिथेही सुरू झाली. सुमारे ४५ मिनिटांतल्या या व्यवहारांत ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. बाजार उघडण्यापूर्वीच बिघाडाचा उल्लेख असलेले ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना गेले होते. परंतु ते इशारे म्हणून वाचायची पद्धतच तिथे नव्हती. माहिती कंपनीत होती, ती ज्याला हवी होती त्याच्यापर्यंत पोहोचली नाही.

म्हणून गेल्या वर्षातले तीन मोठे बिघाड निवडावेत आणि प्रत्येकाचा माग काढावा : त्यानंतर कोणती चाचणी वाढली, रिलीजची, म्हणजे नवी आवृत्ती वापरात आणण्याची, कोणती पायरी बदलली, आणि तो बदल पुढच्या रिलीजआधी झाला का. केवळ ‘सर्वांना कळवले’ एवढीच नोंद सापडली, तर तिथे शिकणे झाले नाही असे मी स्पष्टपणे लिहीन.

दुसरी परीक्षा याहून बोलकी आहे. रुजू होऊन तीन महिने झालेल्या अभियंत्याला, चाचणीसाठीच्या सर्व्हरवर, फक्त लिखित टिपणांच्या आधारे रिलीज करायला सांगावे; जुन्या जाणत्याने शेजारी बसावे, पण काही सांगू नये. नवा माणूस जिथे अडतो, तिथले ज्ञान अजून एकाच डोक्यात आहे.

हे काम रिलीजच्या धावपळीत असलेल्यांवर टाकू नये. नासाच्या गोडार्ड केंद्रातील सॉफ्टवेअर अभियांत्रिकी प्रयोगशाळेत, जी १९७६ मध्ये सुरू झाली, प्रकल्पांचे अनुभव तपासून ते पुढच्या प्रकल्पांना वापरता येतील अशा स्वरूपात आणण्याचे काम विकासकांहून वेगळ्या गटाकडे होते. आपल्याकडे त्यासाठी एका अनुभवी व्यक्तीचा आठवड्यातला एक दिवस राखून ठेवला, तरी सुरुवात होईल. अहवालाच्या पहिल्या पानावर प्रशिक्षणाच्या तासांऐवजी अडलेल्या ठिकाणांची यादी द्यावी, आणि सहा महिन्यांनी हीच परीक्षा दुसऱ्या नव्या अभियंत्याकडून घ्यावी.