युवा पुरस्कार कोणासाठी?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळालेली एक कादंबरी मी तिच्यासाठी हौसेने आणली. पण ती मोठ्यांसाठीच लिहिलेली निघाली. हा पुरस्कार तरुण वाचकांच्या पुस्तकांना देत नाहीत का? तिच्या वयासाठी कोणता पुरस्कार पाहावा?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नावामुळे आपली गल्लत झाली आणि ती होणे साहजिक आहे. २०११ पासूनचा युवा पुरस्कार पस्तिशीपर्यंतच्या साहित्यिकांसाठी आहे; तेथे वय पाहतात ते लेखकाचे. वाचकाचे वय विचारात घेणारा अकादमीचा पुरस्कार म्हणजे २०१० पासूनचा बालसाहित्य पुरस्कार, आणि त्याची मर्यादा ९ ते १६ वर्षे अशी ऐसपैस आहे. २०११ साली मराठीत तो ‘बोक्या सातबंडे’साठी दिलीप प्रभावळकरांना मिळाला. बोक्या मलाही अतिशय प्रिय आहे. परंतु त्याच्यात रमणारे चौथीतले मूल आणि आपली मुलगी यांना एकाच पंक्तीला बसवणे मला पटत नाही.

मुलगी इंग्रजी वाचत असेल, तर अमेरिकेतील ग्रंथपालांच्या संघटनेचा मायकेल एल. प्रिंट्झ पुरस्कार अवश्य पाहावा. कॅन्सस राज्यातील टोपिका येथील एका शालेय ग्रंथपालाच्या नावाने २००० साली सुरू झालेला हा पुरस्कार १२ ते १८ वर्षांच्या वाचकांसाठीच्या पुस्तकांना मिळतो. पुस्तकाचा खप किंवा त्यातला बोध हे त्याचे निकषच नाहीत, केवळ वाङ्मयीन गुणवत्ता पाहिली जाते, आणि मला त्याचे सर्वाधिक मोल वाटते ते याचसाठी. वॉल्टर डीन मायर्स यांच्या ‘मॉन्स्टर’ या पहिल्या विजेत्या कादंबरीत खुनाच्या खटल्यात अडकलेला सोळा वर्षांचा मुलगा आपली कहाणी चित्रपटाच्या पटकथेच्या रूपात लिहीत जातो, आणि त्याचा गुन्ह्याशी नेमका किती संबंध होता हे ठरवणे लेखकाने वाचकावर सोपवले आहे. २००७ साली तर जीन ल्युएन यांग यांची चित्रकादंबरी विजेती ठरली.

विजेत्याबरोबर दरवर्षी आणखी चारपर्यंत पुस्तके सन्मानासाठी निवडली जातात. तीही यादी जवळ ठेवावी. मात्र या पुस्तकांत हिंसा, मृत्यू, शरीरसंबंध हे विषय आडपडदा न ठेवता येतात, म्हणून प्रत्येक पुस्तक आपणही वाचावे, शक्यतो तिच्याबरोबरच.