कुस्तीपटू सीएम पंकने २०१४ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई (अमेरिकेतली व्यावसायिक कुस्तीची कंपनी) का सोडली?
दुखापती, थकवा आणि रेसलमेनियाची (कंपनीचा वर्षातला सर्वात मोठा कार्यक्रम) मुख्य लढत कधीच न मिळाल्याची चीड, यामुळे. त्याने स्वतःच नोव्हेंबर २०१४ मध्ये मित्र कोल्ट कबानाच्या 'आर्ट ऑफ रेसलिंग' पॉडकास्टवर हे सविस्तर सांगितलं. जानेवारीत रॉयल रंबल या कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमानंतर तो निघून गेला होता. बडतर्फीचे कागद मात्र नेमके त्याच्या लग्नाच्या दिवशी हातात पडले. कबानाच्या पॉडकास्टनंतर काही दिवसांतच कंपनीचा तेव्हाचा प्रमुख विन्स मॅकमहनने माजी कुस्तीपटू स्टीव्ह ऑस्टिनच्या पॉडकास्टवर त्याबद्दल माफी मागितली (योगायोग होता म्हणे!). अर्थात, ही पंकची बाजू. कबानाच्या पॉडकास्टवर त्याने उपचारांबद्दल केलेल्या आरोपांवरून कंपनीच्या डॉक्टरने बदनामीचा दावा लावला. २०१८ मध्ये शिकागोच्या ज्युरीने पंक-कबानाच्या बाजूने निकाल दिला, पण म्हणून पंकचा शब्दन्‌शब्द खरा ठरत नाही.