केळीची मर: ट्रायकोडर्मा आणायच्या आधी कंद चिरून बघा

भाऊ, दिंडोरीकडे द्राक्षबाग काढून तुम्ही केळीची जी-९ जात लावली, पाचव्या महिन्यात बारा झाडं पिवळी पडून वाळली आणि आता रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी, म्हणजे ट्रायकोडर्मा, एकरी किती किलो सोडू, असं विचारताय. किलोचं सांगतो, पण आधी एक वाळतं झाड काढून कंद आडवा चिरा. आत लालसर-तपकिरी ठिपके आणि रेघा असतील, खालची पानं कडेकडून पिवळी होऊन देठात मोडून खोडाभोवती लोंबत असतील, खोड बुडाशी उभं तडकलं असेल, तर पनामा मर समजा, म्हणजे मातीतल्या फ्युजारियम बुरशीचा रोग. कंद पिचपिचीत आणि घाण वासाचा निघाला तर ती जिवाणूंची कूज, तिचा इलाज वेगळा.

मर निघाली तर हलक्यात घेऊ नका. १९५०च्या आसपास मध्य अमेरिकेतल्या ग्रो मिशेल जातीच्या बागा याच बुरशीने संपवल्या. कॅव्हेंडिश गट तिला दाद देत नव्हता म्हणून जगाने तो उचलला, आणि आपली जी-९ त्याच गटातली. तिलाही मारणारा या बुरशीचा प्रकार म्हणजे टीआर-४. तो बिहार, उत्तर प्रदेशात सापडलेला आहे. म्हणून कृषी विज्ञान केंद्राला किंवा जळगावच्या केळी संशोधन केंद्राला फोटो दाखवा आणि नमुना कसा पाठवायचा ते विचारून घ्या. तोवर त्या बारा झाडांचे मुनवे, म्हणजे बुडाशी फुटलेली पिल्लं, कुठेही लावू नका, त्या ओळीत चाललेलं खुरपं, बूट, ट्रॅक्टरची चाकं धुतल्याशिवाय दुसरीकडे नेऊ नका, मोकाट पाणी बंद करा. या बुरशीचे जाड कवचाचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात.

आता ट्रायकोडर्मा. मरीची बुरशी मुळातून शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या बंद करते. एकदा ती आत गेली की बाहेरच्या मातीतला ट्रायकोडर्मा तिच्यापर्यंत पोचत नाही. पिवळं पडलेलं झाड त्याने वाचत नाही, हे मनाशी पक्कं धरा. त्याचं काम मुळाबाहेर असतं. तो आधी जागा धरतो, रोगाच्या बुरशीला विळखा घालून तिची भिंत विरघळवतो आणि तिच्यावरच पोसतो. सोबत दिलेला स्यूडोमोनास हा उपयोगी जिवाणू मातीतलं लोह ओढून घेतो, त्यामुळे रोगट बुरशीची उपासमार होते आणि झाडाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी होते. म्हणजे हे सगळं तुमच्या हिरव्या झाडांसाठी आहे. खरं तर लागवडीच्या खड्ड्यातच पडायला हवं होतं.

प्रमाण म्हणाल तर १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखताला २.५ किलो पावडर. सावलीत ढीग करा, ओलं गोणपाट टाका, आठ-दहा दिवस ओल धरा, मधे एकदा वरखाली करा. मग झाडाला ओंजळभर, मुळांच्या पट्ट्यात, ड्रिपच्या ओलीखाली. ६ बाय ५ फुटांवर एकरात साधारण १,४५० झाडं बसतात, त्या हिशोबाने खत चार-पाचशे किलो लागेल. कोरड्या मातीत वरून भुरभुरलेली पावडर वाया जाते. पाकिटावरची तारीख बघा आणि दुकानदाराने ते कुठे ठेवलं होतं तेही. उन्हाळ्यात पत्र्याखाली तापलेल्या मालात जिवंत काही उरत नाही.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण आपण द्राक्षवाले. काही दिसलं की कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक, नाहीतर तांब्याचं औषध, ही सवय आपल्या अंगात मुरलीय. माझ्या निफाडच्या दीड एकरात मी ट्रायकोडर्मा दिला आणि आठव्या दिवशी भीतीपोटी कार्बेन्डाझिमची आळवणी केली, म्हणजे ते पाण्यातून मुळाशी ओतलं. कार्बेन्डाझिम ट्रायकोडर्मालाच मारतं, म्हणजे मेहनतीने वाढवलेली बुरशी मी माझ्याच हाताने मारली. त्या वर्षी खर्च दुप्पट झाला आणि झाडं गेली ती गेलीच. तांबं मुळाशी गेलं तर स्यूडोमोनासलाही झेपत नाही. करप्यासाठी पानांवर फवारायचं तर फवारा, पण मुळाशी ओतू नका.

कंद चिरल्यावर फोटो इथे टाका, आणि गेल्या महिन्यात मुळाशी काय काय सोडलंय तेही लिहा. ते कळलं की शेणखत कधी टाकायचं ते ठरवता येईल.