चुना, टायटॅनियम आणि भटकणारा प्रकाश: वाचकांचे प्रश्न

पावसात आमची चुन्याची भिंत काळपट दिसते, ऊन पडलं की पुन्हा पांढरीशुभ्र. चुना धुपतोय का? (म्हापसा)

नाही. सुकलेल्या चुन्यात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात आणि मधल्या फटींत हवा. कार्बोनेटचा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाश किती वाकवतो त्याचं माप) 1.6 च्या आसपास, हवेचा 1. अशा प्रत्येक सीमेवरून सुमारे 5 टक्के प्रकाश परततो. फटींत पाणी (1.33) शिरलं की हा आकडा 1 टक्क्याच्याही खाली येतो. मग प्रकाश खोल शिरतो आणि मागच्या गिलाव्यात शोषला जातो. चांगली उघडीप मिळूनही काळपटपणा गेला नाही, तर मात्र शेवाळ धरलंय. आपल्याकडच्या जुन्या शिंपल्यांच्या खिडक्यांतही हेच कार्बोनेट आहे; तिथे थर घट्ट चिकटलेले, मधे हवा नाही, म्हणून उजेड आत येतो.

प्रोजेक्टसाठी 25 नॅनोमीटरचं टायटॅनियम डायऑक्साइड आणलं. काचेवरचा थर पांढरा न होता निळसर पारदर्शक आला. (फोंडा)

कण फार बारीक आहेत. या आकारात व्यास निम्मा केला की एका कणाकडून होणारं विकिरण (प्रकाश विखुरणं) 64 पटींनी घटतं, आणि जे होतं त्यात निळा जास्त. रंगासाठी मिळणारं 200 ते 300 नॅनोमीटरचं रुटाइल (टायटॅनियम डायऑक्साइडचा एक स्फटिकप्रकार) घ्या. कणांवर लेप नसेल तर पाण्याचा पीएच 6 च्या जवळ ठेवू नका. तिथे कणांवरचा विद्युतभार जवळपास संपतो आणि गुठळ्या होतात.

टायटॅनियम डायऑक्साइडचा थर 10 मायक्रॉनचा असताना 10 टक्के प्रकाश पार झाला, 20 मायक्रॉनला 5 टक्के. बिअरच्या नियमाने (दर समान जाडीमागे प्रकाश समान पटीने घटतो) 1 टक्का यायला हवा होता ना? (मडगाव)

तुमचं मोजमाप बरोबर आहे. इथे प्रकाश शोषला जात नाही, दिशा बदलत भटकतो. मूळ दिशा पुसली जाईपर्यंत तो सरासरी जेवढं अंतर जातो, त्याला जाडीने भागलं की पार होणारा हिस्सा ढोबळमानाने मिळतो. तुमच्या आकड्यांवरून ते अंतर 1 मायक्रॉनच्या घरात येतं, आणि दाट रुटाइलला ते शोभतं.

डिटेक्टर लांब ठेवलात तर फक्त सरळ आलेला किरण मोजला जाईल आणि बिअरचाच नियम दिसेल. म्हणून नमुना इंटिग्रेटिंग स्फिअरच्या (सगळ्या दिशांनी आलेला प्रकाश गोळा करणाऱ्या, आतून पांढऱ्या पोकळ गोलाच्या) तोंडाला चिकटवा. तोंड किरणापेक्षा बरंच रुंद हवं, नाहीतर काचेतून बाजूला पसरलेला प्रकाश हातचा जातो. आणि थर आधी टॉर्चसमोर धराच: किरण पडतो त्या जागेच्या 1 टक्का भागात जरी बारीक छिद्रं असली, तरी 5 चे 6 टक्के होतात.

टायटॅनियम डायऑक्साइडच्या पावडरीत प्रकाश अडकून पडतो, म्हणजे अँडरसन स्थानबद्धता होते, हे खरं का? (वास्को)

2006 मध्ये काही संशोधकांनी तसा दावा केला होता. फार उशिरा बाहेर पडणारा प्रकाश हा त्याचा आधार. 2016 मध्ये त्यांच्यातल्याच काहींनी दाखवलं की तो प्रकाश पावडरीच्या फ्लुरोसन्सचा, म्हणजे शोषून वेगळ्या तरंगलांबीने पुन्हा सोडलेला होता. तुमच्या वेळेनुसारच्या आलेखात असं उशिरा येणाऱ्या प्रकाशाचं लांब शेपूट दिसलं, तर डिटेक्टरपुढे फक्त लेझरची तरंगलांबी जाऊ देणारा फिल्टर लावून पुन्हा मोजा.