चेक थांबला तरी कार्ड चालू

"ताई, नोकरी धरली की मेडिकेअर जाणार ना?" काकांनी खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं. मेडिकेअर म्हणजे अमेरिकेचा सरकारी आरोग्य विमा. न्यू जर्सीत अपंगांच्या सरकारी लाभांविषयी मी सल्ला देते, आणि हा प्रश्न सतत येतो. पक्षाघातानंतर काकांचा उजवा हात अजून साथ देत नव्हता. जुन्या ऑफिसनं अर्धवेळ हिशेबाचं काम देऊ केलं होतं, महिना दोन हजार डॉलर, पण विमा नाही. त्यांनी दोनदा नकार कळवलेला.

आधी लाभ मंजूर झाल्याचं पत्र मागितलं. 'सोशल सिक्युरिटीचे पैसे' म्हणजे एसएसडीआय (नोकरीत भरलेल्या करावर मिळणारा अपंगत्वाचा लाभ) की एसएसआय (कमी उत्पन्न असलेल्यांसाठीची मदत), इथेच निम्मे लोक गोंधळतात आणि दोन्हींचं गणित वेगळं आहे. काकांचं एसएसडीआय निघालं.

मग कागदावर मांडलं. सुरुवातीचे 9 महिने चाचणीचे. 2025 मध्ये ज्या महिन्यात कर कापण्याआधीचा पगार 1,160 डॉलरच्या वर जायचा, तो महिना मोजला जायचा. सलग असायची गरज नाही, पाच वर्षांत मिळून नऊ. तोवर पगारही आणि एसएसडीआयचा पूर्ण चेकही. त्यानंतर महिन्याची कमाई मर्यादेच्या वर राहिली (2025 मध्ये ती 1,620 डॉलर होती), की तीन महिन्यांच्या सवलतीनंतर चेक थांबतो.

"आणि मेडिकेअरचं कार्ड?"

"चाचणीचे महिने संपल्यावर निदान 93 महिने. अपंगत्व कायम असलं की झालं."

काकांनी डाव्या हातानं फोनवर भागाकार केला. "पावणेआठ वर्षं?"

खरा घोटाळा होतो तो पुढे. पार्ट बी, म्हणजे मेडिकेअरचा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, त्याचा महिन्याचा हप्ता (2025 मध्ये 185 डॉलर) चेकमधूनच कापला जातो, त्यामुळे तो कुणाच्या लक्षातच नसतो. चेक थांबला की तीन महिन्यांचं बिल एकदम घरी येतं, 2025 च्या दरानं 555 डॉलरचं. जाहिरातींच्या ढिगात ते सहज कचऱ्यात जातं आणि हप्ता थकून पार्ट बी बंद पडतो. म्हणून चेक थांबताच बँकेतून परस्पर हप्ता जाईल अशी सोय करायची, हे मी लाल पेनानं लिहून दिलं. पगाराच्या स्लिपाही दर महिन्याला सोशल सिक्युरिटीला पाठवायच्या, नाहीतर जास्त दिलेले पैसे परत मागणारं पत्र येतं.

काकू इतका वेळ गप्प होत्या. "आणि पुन्हा झटका आला तर?"

चेक बंद झाल्यापासून पाच वर्षांच्या आत त्याच दुखण्यामुळे काम सुटलं, तर नवा अर्ज लागत नाही, जुनाच लाभ पुन्हा सुरू करायला सांगता येतं. निर्णय होईपर्यंत सहा महिन्यांपर्यंत तात्पुरते पैसेही मिळू शकतात.

काकूंनी पर्स उचलली. "मग यांचा डबा सोमवारपासून करू, की एक तारखेपासून?"