शेवटचा शब्द गिळू नकोस

प्रिय बाळ,

जय ख्रिस्त.

ऑगस्टातल्या रविवारच्या मिस्सातलं, म्हणजे चर्चमधल्या उपासनेतलं, पहिलं वाचन फादरांनी तुझ्याकडे दिलं आणि तू मला विचारलंस, "आवाजात जोर कसा आणू?" जोराचं नंतर बघू. आधी वाचन काय आहे ते बघ. बायबलच्या जुन्या करारातलं १ राजे, अध्याय १९. एलीया संदेष्टा जीव वाचवायला पळत होरेब डोंगरापर्यंत आलाय, गुहेत मुक्कामाला आहे. आधी सुसाट वारा, मग भूकंप, मग अग्नी. तिन्हींत परमेश्वर नसतो. मग शांत, मंद वाणी होते, आणि एलीया झग्याने तोंड झाकून गुहेच्या तोंडाशी येऊन उभा राहतो.

आपल्या मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, नकारही तिथेच. आणि नेमका तिथेच आपला श्वास संपतो, डोळे पुढच्या ओळीवर गेलेले असतात. "त्या वाऱ्यात परमेश्वर नव्हता" यातला 'नव्हता' गिळलास तर मागच्या बाकावर काय पोचेल? त्या वाऱ्यात परमेश्वर. अगदी उलट.

हे मी चूक करून शिकलो. एका लग्नाच्या मिस्सात करिंथकरांस पहिल्या पत्राचा १३ वा अध्याय वाचला होता. प्रीती हेवा करत नाही, बढाई मारत नाही, फुगत नाही... सगळे 'नाही' मी घाईत खाल्ले. नंतर एक आजी जवळ आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी सरळ विचारलं, "दादा, प्रीती हेवा करते असं का लिहिलंय?" मला फार लागलं ते. त्यांच्या हातात पुस्तक नव्हतं. त्यांच्यासाठी त्या दिवशीचं शास्त्र म्हणजे माझा आवाज, तेवढंच.

म्हणून तीनही 'नव्हता' पूर्ण म्हण, पण एकसारखे नकोत. पहिला ठाम. दुसऱ्या वेळी लोक वाट बघायला लागतात. तिसऱ्यानंतर थांब. मनात तीन आकडे मोज. मग 'शांत, मंद वाणी' साध्या आवाजात वाच. कुजबुजायचं नाही, ते नाटकी होतं, आणि माइक कुजबुज नीट पकडतही नाही.

जमलं तर त्याआधी एकदा पांडवलेण्यांवर जाऊन ये. पावसाळ्यात त्रिरश्मी डोंगरावर वारा कसा अंगावर येतो ते तुला माहीत आहेच. लेण्याच्या तोंडाशी उभी राहा, मग चार पावलं आत जा. वारा मागे राहतो आणि स्वतःचा श्वास ऐकू यायला लागतो. एलीया कुठे उभा होता हे अंगाला कळलं, की तुझा तो जोर आपोआप येईल. मी तरी विश्वासाने वाचणं यालाच म्हणतो.

बाकीचं थोडक्यात. वाचनाच्या पुस्तकातल्या लाल अक्षरांतल्या सूचना वाचायच्या नाहीत. माइक वीतभर लांब ठेव. वाचन संपल्यावर लगेच शेवटची घोषणा करू नकोस, एक श्वास जाऊ दे, मग लोकांचं "देवाला धन्यवाद" मनापासून येतं. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला नाशिकरोडला मैदानात वाचायची वेळ आली तर आणखी सावकाश वाच. एका कर्ण्याचा आवाज दुसऱ्यावर आदळतो आणि शब्दांचा काला होतो.

आणि "मी काय, साधी पोरगी" हे पुन्हा म्हणू नकोस. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेवरच्या दस्तऐवजात स्पष्ट सांगितलं की चर्चमध्ये पवित्र शास्त्र वाचलं जातं तेव्हा स्वतः ख्रिस्त बोलतो. वाचकाची अधिकृत सेवा २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी स्त्रियांनाही खुली केली. तुझ्या आईच्या पिढीला हे मिळालं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी चर्चमध्ये ये. माइक बंद ठेवू. मी शेवटच्या बाकावर बसतो. 'नव्हता' नीट ऐकू आला की हात वर करीन. तीनदा.

तुझा,
काका