दुकानगाळ्यात संसार थाटता येतो का?

प्रश्न : कोल्हापुरात शाहूपुरीत तळमजल्यावर आमचा जुना गाळा आहे, धंदा बंद झालाय, तिथं स्वयंपाकघर अन् बाथरूम काढून राहायला जायचा विचार आहे. परवानगी लागती का?

उत्तर : लागतीच ओ. गाळा तुमच्या मालकीचा असला तरी मंजूर नकाशात 'दुकान' लिहिलंय, मग वापर बदलायचा तर एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायदा १९६६ प्रमाणं महापालिकेच्या नगररचना विभागाची मंजुरी घ्यायलाच पाहिजे. न घेता राहिलात तर कलम ५२ खाली गुन्हा होतो, दंडच नाही तर कैदेचीही तरतूद आहे.

आधी लायसन्स असलेला आर्किटेक्ट गाठा, कारण राहत्या खोलीला उंची, उजेड, वारा यांचे नियम आहेत आणि गाळ्याला बहुतेक वेळा पुढचं शटर सोडलं तर खिडकीच नसते, तिथंच प्रकरण अडकतं. बिल्डिंग अपार्टमेंटची असेल तर डीड ऑफ डिक्लेरेशन, म्हणजे अपार्टमेंटचं नोंदणी केलेलं घोषणापत्र बघा, त्यात गाळा दुकान म्हणून नोंदलेला असेल तर शेजाऱ्यांशी आधीच बोलून घ्या.

आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पूररेषा. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत कुठवर आलं ते आठवा, दुकानातला माल हलवता येतो पण झोपलेली म्हातारी माणसं, लेकरं रात्रीत हलवणं फार अवघड. गाळा निळ्या किंवा लाल रेषेत, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणाऱ्या रेषांच्या आत येतो का ते नकाशावर बघितल्याशिवाय एक रुपया खर्च करू नका.

मंजुरीनुसार काम झालं की भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे जागा वापरायला हरकत नसल्याचा महापालिकेचा दाखला घ्या, त्यानंतर घरफाळ्याची नोंद आणि महावितरणचं कमर्शियल कनेक्शन घरगुती करून घ्या.